ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे जागतिक जाळे आणि मराठीचे स्थान

नाशिकचा शरणपूर रस्ता आज दुकाने, बँका आणि कार्यालये यांनी गजबजलेला आहे. ज्या वसाहतीवरून या रस्त्याला हे नाव पडले, ती मात्र नाशिककरांच्याही फारशी स्मरणात उरलेली नाही. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लिश संस्थेने १८३२ साली नाशिकला काम सुरू केले आणि १८५४ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने नवख्रिस्ती कुटुंबांसाठी गावाबाहेर शरणपूर वसविले. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणाऱ्या गलबतांतून ब्रिटिश आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरविली जात आणि त्यांतील अनेकांना शरणपूरच्या आश्रमात पाठविले जाई. तेथे त्यांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम आणि धर्मशिक्षण मिळे. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८६६ साली आपली अखेरची मोहीम सुरू केली, तेव्हा नाशिकला शिकलेले काही तरुण त्याच्यासोबत होते. १८७२ साली त्याच्याकडे पाठविण्यात आलेल्या दुसऱ्या तुकडीत जेकब वेनराइट हा शरणपूरचाच विद्यार्थी होता. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या अंत्यविधीलाही तो उपस्थित होता. पुढे प्राइसनेच मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत १८७५ साली उभारली. तिला मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर याचे नाव देण्यात आले. तेथे शिक्षक आणि उपदेशक म्हणून गेलेल्यांत 'बॉम्बे आफ्रिकन्स' या नावाने ओळखली जाणारी भारतात शिकलेली मंडळी प्रमुख होती. पूर्व आफ्रिकेतील आरंभीच्या आफ्रिकी धर्मसेवकांपैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे याच वर्तुळातले. १८८५ साली त्यांना डीकनपदाची दीक्षा मिळाली.

हा इतिहास नाशिकच्या गौरवासाठी सांगावयाचा नाही. त्यातून एक प्रश्न पुढे येतो. ख्रिस्ती धर्मशिक्षण हे एका देशापुरते, एका भाषेपुरते कधीच राहिलेले नाही. पुस्तके, पैसा, अध्यापक आणि विद्यार्थी यांची देशोदेशी ये-जा हा त्याचा स्वभावच आहे. एकोणिसाव्या शतकात नाशिक हे या जाळ्यातील एक घेणारे केंद्र होते, तसेच देणारेही होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे जाळे कितीतरी पटींनी विस्तारले. त्याला निधी, संघटना, पदव्या आणि अलीकडे संगणकीय ग्रंथालये लाभली. या विस्तारात मराठीच्या वाट्याला काय आले, हा तो प्रश्न होय. तो केवळ चर्चचा प्रश्न आहे असे समजून मराठीच्या अभ्यासकांनी बाजूला ठेवावा, असे मात्र नाही. धर्मशिक्षणाचे वर्ग आणि त्यांना लागून असलेले छापखाने या एकेकाळच्या मराठी गद्याच्या कार्यशाळा होत्या.

१

या जाळ्याची पहिली मराठी फलश्रुती गोव्यात दिसते. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली प्रत्येक धर्मप्रांतात पुरोहितांच्या शिक्षणासाठी सेमिनरी असावी असा नियम केला आणि येशूसंघीयांच्या महाविद्यालयांची साखळी युरोपपासून पूर्वेपर्यंत पसरली. गोव्याला १५५६ साली आलेले मुद्रणयंत्र याच साखळीबरोबर आले. त्या साखळीतून १५७९ साली गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने साष्टीत राहून मराठी आत्मसात केली आणि त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. नवख्रिस्ती वाचकाला पुराणश्रवणाची सवय होती. स्टीफन्सने ती सवय मोडण्याऐवजी ओवीचाच आश्रय घेतला. परकी संस्थेचा विद्यार्थी देशी छंदात विचार करू लागला, ही येथील महत्त्वाची घटना आहे. परंतु ही परंपरा टिकली नाही. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने कोकणीच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि स्थानिक भाषांकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. 'ख्रिस्तपुराणा'नंतर त्या तोडीची दुसरी कृती त्या भूमीत निर्माण झाली नाही, याचे एक कारण या धोरणात शोधावे लागते. शिक्षणसंस्था होत्या आणि पुरोहितही घडत होते, परंतु चिंतनाची भाषा पालटली होती.

दुसरी फलश्रुती श्रीरामपूरची. १७९३ साली बंगालमध्ये आलेल्या विल्यम कॅरीने फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविली, आणि वैजनाथ पंडितांच्या साह्याने सिद्ध केलेले त्याचे मराठी व्याकरण १८०५ साली, तर शब्दकोश १८१० साली श्रीरामपूरला प्रसिद्ध झाला. १८१८ साली स्थापन झालेल्या श्रीरामपूर महाविद्यालयाला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याची सनद मिळाली आणि १९१८ च्या कायद्याने तिचा अधिकार पक्का झाला. आज देशातील अनेक ईश्वरविज्ञान महाविद्यालये श्रीरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. मराठी व्याकरण छापून ज्या गावाने आरंभ केला, त्याच गावाच्या नावाने महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला आज बी.डी.ची पदवी मिळते. परंतु ती मिळविण्यासाठी त्याला मराठीची फारशी गरज पडत नाही. या दोन गोष्टींमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तिसरे उदाहरण अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. १८४२ साली तेथून 'ज्ञानोदय' सुरू झाला आणि १८७८ साली सेमिनरी उभी राहिली. पैसा बॉस्टनचा आणि अभ्यासक्रमाचा साचा अमेरिकन होता. परंतु ज्यांना शिकवावयाचे ते नगर, नेवासे, राहुरी, श्रीगोंदे या भागातील खेड्यांतून आलेले आणि खेड्यांतच परत जावयाचे होते. त्यामुळे वर्गाची भाषा मराठी असणे हा तत्त्वाचा नव्हे, गरजेचा भाग होता. या गरजेतूनच ख्रिस्ती कीर्तन जन्मास आले. टाळ-मृदंगाच्या साथीने, पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत बायबलमधील आख्याने सांगितली जाऊ लागली. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) नाशिकला शिकले, जलालपूरच्या गोखल्यांचे जावई झाले आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नगरला आले, ते याच वातावरणात. सेमिनरीत त्यांनी अध्यापन केले आणि 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही केले. संतकवींच्या वाटेने, विशेषतः तुकोबांच्या वाटेने, आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, ही त्यांची धारणा होती. तिचा 'अभंगांजली'पासून 'ख्रिस्तायना'पर्यंत झालेला प्रवास मराठीच्या अभ्यासकांना सांगावयास नको. मराठी उपासनेत त्यांची गीते आजही गायिली जातात.

टिळकांच्या चरित्रातील आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा, परकीय पैशावर न विसंबणारा असा तो प्रयोग होता. जाळ्याने घडविलेला सर्वांत मोठा मराठी लेखक अखेरीस त्या जाळ्याच्या हिशेबवहीबाहेर पडला. त्याने जाळ्याशी वैर धरले नाही. आपले चिंतन आपल्या भाषेच्या आणि समाजाच्या बळावर चालावे, एवढाच त्याचा आग्रह होता. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला. पण त्यातील प्रश्न अपुरा राहिलेला नाही.

२

दुसऱ्या महायुद्धानंतर या क्षेत्राचे स्वरूप पालटले. १९३८ साली मद्रासजवळ तांबरम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेत आशिया व आफ्रिका यांतील धर्मशिक्षणाची दुर्बलता स्पष्टपणे मांडली गेली. त्यानंतर भारतातील स्थितीची पाहणी करणारा चार्ल्स रॅन्सन यांचा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. पुढे तेच रॅन्सन एका मोठ्या योजनेचे पहिले संचालक झाले. १९५७ च्या अखेरीस घानामधील अचिमोटा येथे भरलेल्या परिषदेने 'थिऑलॉजिकल एज्युकेशन फंड' स्थापन करण्याचे ठरविले. त्यासाठी चाळीस लाख डॉलरची तरतूद झाली. त्यांतील निम्मी रक्कम धाकटे जॉन डी. रॉकफेलर यांच्या विश्वस्तनिधीतून आणि उरलेली निरनिराळ्या मिशन मंडळांकडून आली. निवडक महाविद्यालयांना बळकटी देणे, ग्रंथालये वाढविणे आणि स्थानिक भाषांत पाठ्यपुस्तके निघतील अशी व्यवस्था करणे ही निधीची प्रमुख कामे होती. पुढे १९७७ साली हे कार्य जागतिक चर्च परिषदेच्या एका विभागाकडे गेले. इव्हँजेलिकल पंथीयांनीही आपल्या संघटना उभारल्या. आशिया थिऑलॉजिकल असोसिएशन १९७० साली आणि तिच्यासारख्या खंडवार संघटनांना जोडणारी जागतिक परिषद १९८० साली अस्तित्वात आली. ग्वातेमालात १९६३ साली सुरू झालेली विस्तारशिक्षणाची पद्धत, म्हणजे विद्यार्थ्याने आपले गाव व व्यवसाय न सोडता धर्मशिक्षण घेण्याची पद्धत, १९७१ साली बंगलोरला स्थापन झालेल्या संस्थेमार्फत भारतात आली. २०११ साली जागतिक चर्च परिषद आणि जिनीव्हाची ग्लोबएथिक्स संस्था यांनी मिळून ईश्वरविज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय खुले केले.

या सर्व उद्योगाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी महाराष्ट्रात रूढ आहेत. एक संशयाची. परदेशी पैसा म्हणजे धर्मांतराची यंत्रणा, एवढ्या एका वाक्यात ती सर्व निकालात काढते. दुसरी कृतज्ञतेची. जे आले ते सर्व उपकारच, अशी तिची भूमिका असते. दोन्ही दृष्टींना या जाळ्यातून निर्माण झालेले वाङ्मय वाचण्याची गरज वाटत नाही, हे त्यांच्यातील साम्य. वस्तुस्थिती या दोहोंपेक्षा गुंतागुंतीची आहे. ज्या महाविद्यालयात पन्नास वर्षांपूर्वीची फाटकी टीकाग्रंथमाला हाच संदर्भ होता, तेथे चांगले ग्रंथालय येणे ही मोलाची गोष्ट आहे. विस्तारशिक्षणामुळे शेतकरी, शिक्षक, परिचारिका यांना धर्मशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास करता आला आणि धर्मज्ञान ही केवळ पगारी पाळकाची मक्तेदारी उरली नाही, हेही मान्य केले पाहिजे. स्थानिक भाषेतील पाठ्यपुस्तकांची गरज या जाळ्याच्या धुरीणांनी ओळखली होती, हे त्यांच्या श्रेयाच्या बाजूला लिहावे लागेल.

तरीही एक भेद त्यांच्याकडून सुटला. वितरणाची भाषा आणि चिंतनाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत सिद्ध झालेला विचार मराठीत उतरवून पाळकाच्या हाती देणे हे वितरण होय. मराठीत प्रश्न पडणे, मराठी वाङ्मयाच्या परंपरेशी झगडत त्याचे उत्तर शोधणे आणि त्या झगड्यातून नवा शब्द घडणे हे चिंतन होय. स्टीफन्स आणि टिळक यांच्या ठिकाणी हे दुसरे घडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिले वाढले आणि दुसरे आटत गेले.

महाराष्ट्राचा नकाशा पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते. येशूसंघीयांकडे असलेली कँडीची पोप-सेमिनरी १९५५ साली पुण्याला आली आणि तीतून ज्ञानदीप विद्यापीठ विकसित झाले. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ साली पुण्यात स्थिरावली. या दोन्ही संस्थांची देशभर ख्याती आहे. केरळ, तामिळनाडू, ओडिशा, ईशान्य भारत येथून विद्यार्थी पुण्यास येतात. अशा वर्गाची समान भाषा इंग्रजी असणे स्वाभाविकच आहे. परंतु याचा परिणाम असा झाला की, धर्मशिक्षणाची दोन मोठी अखिल भारतीय केंद्रे मराठी भूमीवर असूनही मराठी ही तेथील विद्येची भाषा झाली नाही. मराठी माध्यमाचे वर्ग आणि बायबल-शाळा आहेत, त्यांचे काम प्रामाणिक आहे. परंतु उच्च अध्ययन मुख्यतः इंग्रजीत आणि प्राथमिक प्रशिक्षण मराठीत, अशी उतरंड तयार झाली. ज्या भाषेत केवळ प्राथमिक प्रशिक्षण होते, त्या भाषेत परिभाषा घडत नाही, वाद होत नाहीत आणि म्हणून ग्रंथही होत नाहीत.

याचा फटका कोणाला बसतो, हे पाहिले पाहिजे. नाशिक, नगर, जालना या जिल्ह्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती मंडळ्या गावकुसाबाहेरच्या समाजांतून आलेल्या आहेत. त्यांचा रविवार मराठीत उजाडतो. प्रार्थना, गायन, लग्न, दफन, भांडण आणि समेट सारे मराठीत चालते. त्यांच्यापुढे उभा राहणारा उच्चविद्याविभूषित पाळक मात्र देव, पाप, तारण, न्याय यांविषयी जे वाचून आलेला असतो ते इंग्रजीत. व्यासपीठावर चढताना तो मनातल्या मनात भाषांतर करतो. भाषांतर जमले तर उपदेश पुस्तकी होतो. न जमले तर तो शिकलेले सारे बाजूला ठेवून शंभर वर्षांपूर्वीच्या ठराविक शब्दांकडे वळतो. दोन्ही वेळा त्याचे शिक्षण आणि त्याची मंडळी यांची भेट होत नाही.

३

या विवेचनावर काही आक्षेप संभवतात. पहिला व्यवहाराचा. मराठीत ईश्वरविज्ञानाचा उच्च अभ्यासक्रम चालवावयाचा तर विद्यार्थी किती मिळणार, पुस्तके कोण लिहिणार आणि पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला महाराष्ट्राबाहेर काय स्थान राहणार? दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. दलित ख्रिस्ती तरुणाला इंग्रजी ही केवळ शिक्षणाची भाषा नाही, ती जातीच्या चौकटीतून बाहेर पडण्याची वाट आहे. त्याला मराठीचा आग्रह सांगणे म्हणजे त्याची वाट अडविणे होय, असे म्हणता येईल. हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा मुळीच नाही. शिष्ट मराठीने या समाजाला फार काळ दाराबाहेर ठेवले आहे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मदुरैने दिले आहे. तेथील अरसरडीमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या तामिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीने तामिळमधून उच्च पातळीवरचे अध्यापन चालविले. ती संस्थाही श्रीरामपूरशी संलग्न आहे आणि जागतिक जाळ्याशी तिचेही संबंध आहेत. तामिळ आणि जगाशी संबंध यांपैकी एकाची निवड तिला करावी लागली नाही. तामिळ समाजाची भाषाविषयक अस्मिता तिच्या पाठीशी होती हे खरे; पण अस्मिता महाराष्ट्रातही कमी नाही. ती वाङ्मयीन कामाकडे वळली नाही, एवढाच फरक.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर दलित साहित्याच्या इतिहासातच आहे. १९७२ साली 'थिऑलॉजिकल एज्युकेशन फंडा'चे संचालक, तैवानचे शोकी को आणि त्यांचे सहकारी यांनी 'कॉन्टेक्स्च्युअलायझेशन' हा शब्द प्रचारात आणला. धर्मविचार हा त्या त्या समाजाच्या जिवंत परिस्थितीतून उगवला पाहिजे, हा त्याचा आशय. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. शिष्ट मराठीने नाकारलेल्यांनी मराठी सोडून दिली नाही. त्यांनी ती आतून बदलली आणि तिला पूर्वी उच्चारता न येणारे शब्द उच्चारावयास लावले. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. परंतु जिनीव्हा-लंडनच्या बैठकांत ज्याची व्याख्या चालली होती, ते मुंबईच्या कामाठीपुऱ्यात मराठीत घडत होते.

या दोन प्रवाहांची भेट पुढे झाली, पण मराठीबाहेर. मुळे महाराष्ट्रातील असलेल्या अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईश्वरविज्ञानाची सुरुवात मानली जाते. पुढे मद्रासच्या गुरुकुल महाविद्यालयातून त्यांनी ही विचारधारा वाढविली. आज जगभरच्या ख्रिस्ती विद्यापीठीय चर्चेत तिला स्थान आहे. 'दलित' हा शब्द आणि त्यामागची वाङ्मयीन ऊर्जा यांना महाराष्ट्राने आकार दिला. विचाराची मांडणी बंगलोर-मद्रासला इंग्रजीत झाली. आणि मराठी समीक्षेत तिची दखल अपवादानेच घेतली गेली. दलित साहित्यावर पीएच.डी.साठी काम करणाऱ्या किती विद्यार्थ्यांना निर्मळांचे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. आपल्याच अंगणातील बी परक्या शेतात उगवले आणि पीक आले तरी आपल्याला त्याचा पत्ता नाही, अशी ही स्थिती.

४

म्हणून केवळ धर्मशिक्षणसंस्थांना दोष देऊन थांबता येणार नाही. मराठी विभागांचाही यात वाटा आहे. अ. का. प्रियोळकरांचे मुद्रणविषयक संशोधन, श्री. म. पिंगे यांचा 'युरोपियनांचा मराठीचा अभ्यास व सेवा' हा ग्रंथ, स. गं. मालशे यांनी 'ख्रिस्तपुराणा'चा केलेला अभ्यास, गंगाधर मोरजे यांनी सिद्ध केलेला ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा इतिहास ही कामे मोलाची आहेत. परंतु त्यानंतर ख्रिस्ती मराठी वाङ्मय हा वाङ्मयेतिहासातील एक स्वतंत्र कप्पा झाला. त्यात 'ख्रिस्तपुराण', 'यमुनापर्यटन' आणि 'स्मृतिचित्रे' ठेवून तो बंद केला गेला. 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकविताना लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची निरलंकृत शैली, टिळकांचे विक्षिप्त औदार्य यांवर भर दिला जातो. आणि तो योग्यच आहे. परंतु सोवळे-ओवळे पाळणारी एक स्त्री १९०० साली बाप्तिस्मा घेईपर्यंत मनाशी कोणता वाद घालते, माणसामाणसांतील भेद देवाने केला की माणसाने हा प्रश्न ती कोणत्या शब्दांत सोडविते, हे ईश्वरविज्ञानाचे प्रश्न आहेत आणि ते तिने घरगुती मराठीत मांडले आहेत. सेमिनरीची पायरी विद्यार्थी म्हणून न चढलेल्या या लेखिकेने पतीच्या मागे 'ख्रिस्तायना'चा फार मोठा भाग लिहून पुरा करीत आणला. हे महाकाव्य किती अभ्यासक्रमांत आहे?

एकेकाळी नाशिकला याची जाण होती. पहिले मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन १९२७ साली नाशिकला भरले. दोन वर्षांनी, १९२९ साली, नाशिक हा अँग्लिकन चर्चचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. धर्मव्यवस्था आणि वाङ्मयव्यवहार एकाच गावात एकाच काळात उभे राहत होते. टिळकांच्या पुढच्या पिढ्यांनी त्यांचे वाङ्मय जपण्याचे कामही याच गावात केले. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले, तेव्हा एका कॅथलिक धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळाल्याची चर्चा झाली. त्यांच्या निवडीला विरोधही झाला. विरोध करणाऱ्यांनी त्यांचे लेखन वाचले होते काय, हा प्रश्न त्या वेळी फारसा विचारला गेला नाही. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यासारखा मराठीत घडलेला, मराठीत लिहिणारा धर्मगुरू उद्याच्या शिक्षणव्यवस्थेतून निर्माण होईल काय, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

यासाठी फार मोठ्या निधीची वा नव्या संस्थेची आवश्यकता नाही. पुण्यातील ईश्वरविज्ञान महाविद्यालये आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेली पुणे, नगर, नाशिक येथील मराठी विभागांची केंद्रे एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. मराठीभाषक धर्मविद्यार्थ्याला पदवीसाठी मराठी संतवाङ्मय आणि ख्रिस्ती मराठी वाङ्मय यांवर एक अभ्यासपत्रिका मराठीतून लिहिण्याची मुभा द्यावी. तिचे अध्यापन मराठी विभागातील प्राध्यापकाने करावे. उलट दिशेने, 'ख्रिस्तायन' वा 'ज्ञानोदय' यांवर काम करणाऱ्या मराठीच्या संशोधकाला धर्मशास्त्राच्या अध्यापकाचे सहमार्गदर्शन मिळावे. जुन्या चर्चमध्ये आणि मिशनच्या कपाटांत पडून असलेली हस्तलिखिते, कीर्तनाची टिपणे, मंडळ्यांची इतिवृत्ते वाळवीच्या हाती जाण्यापूर्वी त्यांची सूची व्हावी. गेल्या दोनशे वर्षांत तारण, कृपा, पश्चात्ताप, मध्यस्थ, प्रायश्चित्त या शब्दांना मराठीत कोणकोणत्या अर्थच्छटा मिळत गेल्या, याचा ऐतिहासिक कोश ही तर एका पिढीला पुरेल अशी संशोधनाची दिशा आहे. त्यात भक्तिसंप्रदायाची आणि ख्रिस्ती परंपरेची परिभाषा एकमेकींत कशी मिसळली, कोठे अडखळली आणि कोठे वेगळी राहिली, हे दिसून येईल. असे काम जगातील कोणत्याही ग्रंथालयातून आयात करता येणार नाही. ते येथेच होऊ शकते. आणि झाले तर त्या संगणकीय ग्रंथालयांना देण्यासारखे काही मराठीपाशी असेल.

जागतिक जाळे वाढले याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. शरणपूरच्या आश्रमातून मोंबासाला गेलेल्या तरुणांनी नाशिकला मिळालेले शिक्षण आपल्या लोकांच्या कामी लावले. नाशिकला ते देता आले, कारण त्या काळी येथे काहीतरी घडत होते. लंडनहून आले तेवढेच पुढे पाठविले जात नव्हते. आज पुण्याच्या ग्रंथालयात बसलेल्या मराठी धर्मविद्यार्थ्यापुढे जगभरचे ग्रंथ उघडले जाऊ शकतात. रविवारी सिन्नर वा निफाडच्या मंडळीपुढे उभे राहताना त्यांतील विचार त्याच्या स्वतःच्या भाषेत जन्मलेला असेल काय, यावर या विस्ताराचे मोल ठरणार आहे. त्याला ती भाषा पुरविण्याची जबाबदारी त्याच्या महाविद्यालयाइतकीच मराठीच्या अध्यापकांचीही आहे.